समुद्रावरचं बोलणं

या लेखात बोलणारी दोन माणसं कल्पित आहेत. एक निवृत्त मास्तर. हायस्कुलात मराठी शिकवायचे. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, नोकरीसाठी अलिबागला आले आणि इथलेच झाले. दुसरे चौलचे वकील. घर, वाडी, देवधर्म सगळं चौलात, वकिली अलिबागच्या कोर्टात. त्यांच्या बोलण्याचं निमित्तही कल्पितच आहे. मात्र बोलण्याच्या ओघात इतिहासातली जी माणसं, गावं आणि सनावळ्या येतात, ती खरी आहेत. ख्रिस्ती माणसाने चर्चच्या बाहेर, रस्त्यावर, समुद्रावर, कोणाच्या ओसरीवर आपल्या श्रद्धेविषयी बोलावं की बोलू नये, हा प्रश्न सध्या तापलेला आहे. घोषणा देऊन तो सुटणार नाही. दोन मित्र त्यावर किती लांबवर बोलू शकतात, ते मला पाहायचं होतं.

निमित्त असं. रविवारी संध्याकाळी अलिबागच्या समुद्रावर चार-पाच तरुण मुलं येशूविषयीची पत्रकं वाटत होती. काही लोकांनी त्यांना घेरलं, पत्रकं हिसकावली, दोघांची कॉलर धरली. मुलं गुपचूप निघून गेली. वकील तिथे होते. त्यांनी कोणाची कॉलर धरली नाही, पण कोणाचा हातही धरला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं मित्र रेवदंड्याला, वकिलांच्या एका पक्षकाराच्या वाडीत बसले होते.

रेवदंड्याची वाडी ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या बागा आहेत. पोफळींच्या दाट सावलीतून चालताना मध्येच काळ्या दगडाची उंच भिंत आडवी येते. चुन्याचा गिलावा कुठे शिल्लक, कुठे झडलेला. वर अर्धी कमान आणि तिच्या फटीत रुजलेलं पिंपळाचं रोप. हे जुन्या चर्चचे अवशेष. थोडं पुढे सातखणी मनोरा. लोक त्याला बुरूज म्हणतात, पण तो फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा मनोरा होता.

वकील : मास्तर, कालच्या प्रकाराचं मला वाईट वाटलं. तरी तुम्ही आधी या भिंती बघा. 1521 च्या सुमारास पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, 1740 मध्ये ते इथून गेले. दोनशे वर्षांहून जास्त काळ या तटाच्या आत तोफ आणि क्रूस एकाच मालकाचे होते. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन बसलं, ते मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत हललं नाही. लोकांच्या मनातून हे जात नाही. समुद्रावर कोणी येशूचं पत्रक पुढे केलं की आमच्याकडच्या माणसाला त्यामागे ही भिंत दिसते.

मास्तर : मलाही दिसते. तोफेच्या आडून सांगितलेला ख्रिस्त मला माझा वाटत नाही. माझ्या धर्माच्या नावावर जे झालं ते मी नाकारणार नाही, आणि त्याला कुठली सबबही देणार नाही. पण कालच्या मुलांच्या हातात कागद होता. तोही त्यांच्याकडे राहू दिला नाही.

वकील : कागदामागे पैसा असतो.

मास्तर : कोणाचा? मला नीट सांगा. तुम्ही वकील आहात, पुराव्यावर बोलता. माझे पणजोबा महार. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं. मिशनच्या शाळेत त्यांना पाटी मिळाली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुम्ही याला आमिष म्हणा. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. आज एखादा दलित ख्रिस्ती झाला तर त्याच्या पोराची अनुसूचित जातीची फी-माफी जाते, राखीव जागा जाते. तरी तो होतो. मग आमिष कुठल्या बाजूला आहे?

वकील काही वेळ बोलले नाहीत. हा मुद्दा त्यांना माहीत होता, पण मित्राच्या घरातला म्हणून तो त्यांनी कधी ऐकला नव्हता.

वकील : तुमच्या पणजोबांनी जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. कसा ठेवीन? महाड याच जिल्ह्यात आहे. 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, यात आमच्याच लोकांची शरम आहे. पण माझी तक्रार वेगळी आहे. धर्म बदलतो एक माणूस, हलतं सगळं घर. श्राद्ध कोण घालणार, कुलदैवताला कोण जाणार, बहिणीच्या लग्नात काय होणार? समुद्रावर एकोणीस वर्षांच्या पोराला पत्रक देणाऱ्याला त्या पोराची आई दिसत नाही.

मास्तर : दिसायला हवी. हे तुमचं बरोबर आहे.

वकील : आणि मुळात गरज काय? शेजारी चांगला वागतो म्हटल्यावर त्याचा देव चांगला असणार, हे लोकांना कळतं. सांगत कशाला फिरायचं?

मास्तर : हे तुम्ही रेवदंड्यात बसून विचारताय! याच गावातून नानासाहेब धर्माधिकारींच्या बैठका महाराष्ट्रभर गेल्या. दासबोधाचं निरूपण ऐकायला आगरी, कोळी, कुणबी, सगळे बसतात. ते काही देवळात बसून झालं नाही. घराघरांत, वस्त्यांवस्त्यांत माणसं गेली, बसली, बोलली. किती घरांतली दारू सुटली, तुम्हीच मला सांगितलंत. आपल्याला जे गवसलं ते दुसऱ्याला सांगावं, ही ओढ काय फक्त ख्रिस्ती माणसालाच असते? वारकरी कीर्तन करतो तेव्हा तो भिंतीबाहेरच असतो.

वकील : बैठकीला बसणाऱ्याला आपलं नाव बदलावं लागत नाही, मास्तर. तो दासबोध ऐकून घरी जातो आणि त्याच देव्हाऱ्यापुढे दिवा लावतो. तुमच्याकडे आलं की जुना देव्हारा उचलावा लागतो. फरक मोठा आहे.

हा फरक खरोखरच मोठा आहे, आणि मास्तरांनी तो झाकायचा प्रयत्न केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ख्रिस्ती श्रद्धेत निष्ठा एकाशीच. ती सांगणारा माणूस मनात ही अट ठेवूनच बोलतो. ऐकणाऱ्याला ती आधीच कळली पाहिजे. गोड बोलून, प्रार्थनेला नुसतं येऊन बसा म्हणून, मग सहा महिन्यांनी ती अट पुढे करणं हा अप्रामाणिकपणा आहे.

मास्तर : फरक आहे. म्हणूनच उघड्यावर बोलावं असं मी म्हणतो. बंद खोलीत बोललं तर संशय. समुद्रावर बोललं तर मार. मग बोलायचं कुठे?

वकील : कायद्याने तुम्हांला कोणी अडवलेलं नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. घटना समितीत प्रचार या शब्दावर खडाजंगी झाली, काही सभासदांना तो काढायचा होता. कन्हैयालाल मुन्शींनी तो ठेवायच्या बाजूने भाषण केलं. सोमनाथाचं देऊळ पुन्हा उभं करायला पुढे झालेले मुन्शी, हे ध्यानात घ्या. पण 1977 मध्ये स्टॅनिस्लॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. सांगा, समजावा. निर्णय त्याचा.

मास्तर : निर्णय त्याचाच. आमच्याही श्रद्धेत तो माणसाचा आणि देवाचा, प्रचारकाचा नाही. पण त्याला निर्णय घ्यायचा असेल तर आधी ऐकायला तर मिळालं पाहिजे. मुलांचे कागद हिसकावणाऱ्यांनी त्या मुलांचा हक्क मोडला, आणि ज्याला कागद वाचायचा होता त्याचाही मोडला.

वकील : हो. ते बेकायदा होतं. मी ते काल तिथेच बोलायला हवं होतं.

इथे वकिलांनी विषय बदलला असं मास्तरांना वाटलं. पण ते खरं तर मुद्द्याच्या गाभ्याकडे निघाले होते.

वकील : विष्णुबावा ब्रह्मचारी तुम्ही वाचलेत?

मास्तर : नाव ऐकलंय. वेदोक्तधर्मप्रकाश.

वकील : आपल्याच जिल्ह्यातले. विष्णू भिकाजी गोखले, माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे, जन्म 1825 चा. कस्टम खात्यात नोकरी केली, मग ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेले. तिथून उतरले ते धर्म सांगायलाच. 1856 मध्ये मुंबईत आले, आणि 1857 च्या जानेवारीपासून मेपर्यंत दर गुरुवारी बॅकबेच्या वाळूत मिशनऱ्यांशी वाद घालत बसले. मोठी गर्दी लोटायची. समोर होता जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन.

मास्तर : बोवेन माहीत आहे मला! तो तरुणपणी नास्तिक होता. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती वारली, तिने त्याच्यासाठी तिचं बायबल ठेवलं, ते वाचून तो पालटला. 1848 मध्ये मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून दिला आणि गरिबांच्या वस्तीत एका लहानशा खोलीत राहिला. रस्त्यावर उभा राहून बोलायचा. लोक हसायचे, हैराण करायचे. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. 1888 मध्ये मुंबईतच गेला.

वकील : म्हणजे दोन्हीकडे फकीरच बसले होते. एकाने सरकारी नोकरी सोडलेली, दुसऱ्याने पगार. कोणाला कोणाकडून काही मिळायचं नाही. हे मला त्या वादातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. आणि साल बघा कोणतं. मे महिन्यात मेरठ पेटलं, दिल्ली पेटली. अशा वर्षात मुंबईच्या वाळूत एक कोकणातला ब्राह्मण संन्यासी आणि एक अमेरिकन पाद्री, देव आहे कसा आणि जीव कोण, यावर भांडतायत, आणि लोक उभे राहून ऐकतायत. बोवेनने त्याचं पुस्तक छापलं. बावांच्या बाजूनेही समुद्रकिनारीचा वादविवाद छापला गेला.

मास्तर : जिंकलं कोण?

वकील : दोन्ही पुस्तकांत आपलीच बाजू जिंकलेली असणार. ते जाऊ द्या. माझा मुद्दा ऐका. बोवेनचं समुद्रावर उभं राहणं बावांनी बंद पाडलं नाही. ते त्याच्या समोर जाऊन बसले. तो सांगतो ना, मग मीही सांगतो. त्याचा धर्म तपासतो, माझा तपासू देतो. तुमच्या मुलांनी काल हे केलं का? कोणी उलट प्रश्न विचारला असता तर थांबून ऐकायची त्यांची तयारी होती का? की कागद हातात कोंबून पुढच्या माणसाकडे?

मास्तर : (थोडं थांबून) पुढच्या माणसाकडे गेली असती. त्यांना तसंच शिकवलेलं असतं. कागद संपवायचे.

वकील : तिथे माझा राग आहे. माणूस समोर उभा असताना त्याला मोजायचं आणि पुढे जायचं!

मास्तर : मान्य. पण वकीलसाहेब, बावांसारखा कोणी येऊन बसला तर मुलं थांबतील. कॉलर धरणारा आला तर कशी थांबतील? ऐकून घ्यायची शिकवण दोन्हीकडे मोडलेली आहे. बायबलमध्ये पौल अथेन्सला बाजारात रोज वाद घालतो, मग अरीयपगावर लोक त्याला बोलावून नेतात. काही हसतात. काही म्हणतात, पुन्हा कधीतरी ऐकू. थोडे विश्वास ठेवतात. मग तो तिथून निघून जातो. हसणाऱ्यांवर तो चिडत नाही, आणि हसणारे त्याला मारत नाहीत. मला एवढंच हवंय.

वकील : पण तुमच्याच पेत्राच्या पत्रात असं आहे ना, की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सौम्यपणे उत्तर द्या? विचारलं तर. विचारण्याआधी नव्हे.

मास्तर : तुम्ही ते कधी वाचलंत?

वकील : तुम्हीच वाचायला दिलं होतंत. पंधरा वर्षं झाली असतील.

मास्तर : मग मत्तयाचा शेवटही वाचला असाल. तिथे जा असं सांगितलंय. जाऊन शिष्य करा. ती आज्ञा मी पुसून टाकू शकत नाही. कसं जायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

दोघं उठले आणि समुद्राच्या बाजूने तटाकडे चालू लागले. वाटेत बेने इस्रायलांचा विषय निघाला, कारण रेवदंड्यात तो निघतोच. हे मराठी बोलणारे यहुदी या किनाऱ्यावर गावोगावी राहायचे. तेलाचा धंदा करायचे आणि शनिवार पाळायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. अलिबागेत अजून इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे.

मास्तर : तुमच्या भीतीला एक उत्तर इथे आहे. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सावित्रीच्या पलीकडे बाणकोटला उतरले. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईपासून या किनाऱ्यापर्यंत शाळा काढल्या. त्या शाळांत बेने इस्रायलांची पोरं शिकली, त्यांच्यातले काही शिक्षकही झाले. पुढे मुंबईत जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी आला. हे लोक ख्रिस्ताकडे येतील अशी त्याला फार आशा होती. म्हणून त्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं.

वकील : आणि?

मास्तर : आणि फारच थोडे ख्रिस्ती झाले. बाकीचे हिब्रू शिकले, आपला धर्मग्रंथ स्वतः वाचू लागले आणि जास्त चांगले यहुदी झाले. 1846 मध्ये मुंबईत त्यांची वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. 1880 पासून तर ते मराठीत कीर्तनं करू लागले, अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं लावून. विल्सनच्या हिशेबाने हा पराभव असेल. मला तो पराभव वाटत नाही. प्रामाणिकपणे शिकवलं, समोरच्याने त्याचं त्याला हवं ते केलं.

वकील : मास्तर, हे तुम्ही तुमच्या चर्चमध्ये उभं राहून सांगाल?

मास्तर : सांगितलंय. सगळ्यांना आवडलं नाही.

मला स्वतःला या सगळ्या इतिहासात बेने इस्रायलांची ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. श्रद्धा सांगणाऱ्याची कसोटी तिच्यात लागते. समोरचा आपल्याकडे येणार नाही हे कळल्यावरही त्याला शिकवत राहायची तयारी आहे का? असेल तर ते प्रेम. नसेल तर ती भरती.

वकील : सगळ्याच गोष्टी अशा निघत नाहीत. याच विल्सनच्या शाळेने 1839 मध्ये पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला आणि मुंबई हादरली. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा श्रीपत अजून अजाण पोर, मिशनच्या घरात राहिलेला. बाप कोर्टात गेला. कोर्टाने पोर बापाच्या हवाली केलं. मग आमच्या लोकांनी त्याला जातीत घ्यायचं नाकारलं! बाळशास्त्री जांभेकर त्या पोरासाठी शास्त्री-पंडितांशी झगडले. या प्रकरणात मला दोन्हीकडची मोठी माणसं दोषी वाटतात. एकाने पोराला त्याच्या घरापासून तोडलं, दुसऱ्याने घराचं दार लावून घेतलं.

मास्तर : अजाण पोराला बाप्तिस्मा नको, मीही म्हणतो. आई-बापांच्या पाठीमागे तर नकोच नको.

वकील : आणि सज्ञान असला तरी? नारायण वामन टिळक घ्या. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं स्मृतिचित्रे मी कितीदा वाचलंय. दर वेळी मला तिच्यासाठी रडू येतं. नवरा 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला, आणि ती बाई मुलाला घेऊन माहेरच्यांच्या दारात, पंढरपुरात, कुठे कुठे. तिचं काय चुकलं होतं?

मास्तर : काहीच नाही. पण टिळकांपर्यंत ते पोचलं कसं, बघा. रेल्वेच्या डब्यात. राजनांदगावला जाताना एक गोरा गृहस्थ भेटला, दोघं बोलत बसले, त्याने नवा करार हातात दिला. कोणी व्यासपीठ नाही, पेटी-तबला नाही. तो माणूस उतरून गेला. टिळकांनी पुस्तक वाचलं, पत्रांतून लोकांना प्रश्न विचारले आणि मग ठरवलं. चर्चच्या भिंतीबाहेर याहून साधं सांगणं कुठलं असणार? आणि लक्ष्मीबाईंचंही ऐका. टिळकांसारखा वक्ता घरात, पण बायकोला बाप्तिस्मा घे म्हणून त्यांनी जबरदस्ती केली नाही. ती परत आली तेव्हा सोवळं पाळून वेगळं शिजवायची. टिळकांनी ते चालवून घेतलं. 1900 मध्ये तिने स्वतःच्या बुद्धीने ठरवलं.

वकील : पाच वर्षं.

मास्तर : हो, पाच वर्षं. त्या पाच वर्षांचं दुःख मी कमी करून सांगणार नाही. पण टिळकांनी शेवटी काय केलं तेही बघा. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. नवं नाव घ्या, जुनं टाका, हा हट्ट त्यांना तिथे नको होता. चर्चची भिंत त्यांनी आतून पाडायला घेतली होती. दोन वर्षांत ते गेले, काम अर्धंच राहिलं.

वकील : ते राहिलं याचं मला वाईट वाटतं. तो दरबार चालला असता तर माझ्यासारखा माणूस कधीतरी जाऊन बसला असता.

तटाच्या टोकाशी आल्यावर कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. समुद्रात घुसलेल्या त्या सोंडेवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. गावात माउंट कार्मेलचं चर्च आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची एक जुनी बोली अजून बोलली जाते. 1740 मध्ये पोर्तुगीज गेले, तोफा गेल्या, ही घरं राहिली.

वकील : हे बघा. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ हे लोक मराठी मुलखात आहेत. शेती करतात, मासे धरतात, मुंबईला नोकरीला जातात. आमच्यापैकी कोणाला ख्रिस्ती हो म्हणून त्यांनी कधी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. म्हणून आमचं त्यांचं कधी बिनसलं नाही.

मास्तर : वकीलसाहेब, हे बोलताना तुम्ही काय म्हणताय ते तपासा. आपल्या आळीत जन्मलेला ख्रिस्ती तुम्हांला चालतो. आळीबाहेर बोलणारा चालत नाही. धर्म जन्माने मिळावा, जन्माबरोबर राहावा, कोणी आपली आळी सोडू नये. हे तर जातीचंच शास्त्र झालं. माझ्या पणजोबांना याच शास्त्राने विहिरीपासून लांब ठेवलं होतं.

वकील बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. पुलावरून सालावच्या बाजूला एसटी गेली.

वकील : हे उत्तर मला देता येत नाही. धर्म निवडायचा हक्क नाकारला तर बाबासाहेबांनाही नाकारावा लागेल, आणि ते मी करणार नाही. ठीक आहे. सांगा. समुद्रावर सांगा, बाजारात सांगा. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. 2021 च्या जुलैत महाडला पूर आला, तळियेवर डोंगर कोसळला. तसं पुन्हा झालं आणि तुमची माणसं तांदळाच्या पिशवीबरोबर पत्रक घेऊन गेली, तर मी त्यांच्याविरुद्ध उभा राहीन.

मास्तर : मी तुमच्या शेजारी उभा राहीन. तांदूळ द्यायचा आणि गप्प राहायचं. कोणी पाठवला विचारलं तर नाव सांगायचं, बस्स.

वकील : दवाखान्यातही तेच.

मास्तर : नाही. तिथे मी ऐकणार नाही. आजारी माणसाने स्वतः माझा हात धरला आणि मास्तर, तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी मागा म्हणाला, तर मी मागणार.

वकील : घरच्यांना विचारून.

मास्तर : त्याला विचारून. तो सज्ञान आहे.

वकील : घाबरलेला माणूस सज्ञान नसतो, मास्तर. मी मृत्युपत्रं केली आहेत. मला माहीत आहे.

मास्तर : आणि मी मरणाऱ्यांच्या उशाशी बसलोय. घाबरलेल्या माणसाला प्रार्थना नाकारणं मला जमणार नाही.

यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि मी ते घडवूनही आणणार नाही. वकिलांच्या बाजूला वजन आहे. रुग्ण, पूरग्रस्त, वसतिगृहातलं पोर, यांना उलट बोलायची सोय नसते, आणि जिथे ती सोय नाही तिथे धर्म सांगणाऱ्याने तोंड मिटावं असं माझं मत आहे. मागणाऱ्यासाठी केलेली प्रार्थना मी त्यातून वगळतो. पण जिथे ती सोय आहे, समुद्रावर, चौकात, गाडीत, कोणाच्या ओसरीवर, तिथे ख्रिस्ती माणसाला बोलू दिलं पाहिजे. ज्याला ते पटत नाही त्याने त्याच्या समोर बसून उत्तर द्यावं. शिरवलीच्या विष्णुबावांनी तेच केलं, आणि कोणाच्या अंगाला हात न लावता केलं.

माझी विनंती दोघांनाही आहे. पत्रकं वाटणाऱ्या तरुणांनी पुढच्या रविवारी समुद्रावर जाण्याआधी विष्णुबावांची बाजू वाचावी, आणि त्यांना अडवायला निघालेल्यांनी बोवेनची.